मैदानात टाळ्या, दुकानात 'ए पोऱ्या'!

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात क्लेबोर्न नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखा कारभाराचा भाग. 2020 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जेमतेम 9 हजार भरली. आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव याहून मोठे असते. त्यातले दहापैकी आठांहून अधिक लोक कृष्णवर्णीय, म्हणजे कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज. या एवढ्याशा मुलखाची दखल आंबेडकरी चळवळीने का घ्यावी? कारण माणूस मैदानावर जिंकला तरी रस्त्यावर हरलेलाच राहू शकतो आणि मग त्याने काय करायचे असते, याचा धडा या काउंटीने जगाला दिलेला आहे.

पाहुण्यांना या काउंटीत काय दाखवतात? विंडसर हवेलीचे अवशेष. 1859 ते 1861 या काळात मळेवाल्याने गुलामांच्या घामावर ही हवेली उभी केली. 1890 साली ती जळाली आणि आज तिचे 23 खांब तेवढे उभे आहेत. त्यांची छायाचित्रे निघतात, पुस्तके निघतात. पण त्याच हवेलीचा लोखंडी जिना आज अल्कॉर्न विद्यापीठाच्या जुन्या प्रार्थनागृहाला लावलेला आहे, ही गोष्ट आम्हाला त्या 23 खांबांपेक्षा मोठी वाटते. हे आवार पूर्वी मळेवाल्यांच्या मुलांच्या ओकलंड कॉलेजचे होते. यादवी युद्धात ते कॉलेज बंद पडले. 1871 साली राज्याने तेथेच कृष्णवर्णीयांसाठी अल्कॉर्न कॉलेज सुरू केले. अमेरिकी सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हेल्स हे त्याचे पहिले प्रमुख. ज्या पायऱ्यांवरून मालक चढत होता, त्याच पायऱ्यांवरून गुलामांची नातवंडे पदवी घ्यायला चढली. स्थानिक इतिहास लिहायचा तर तो इथून लिहिला पाहिजे.

या कॉलेजला सरकारने सुखाने जगू दिले, असे मात्र कोणी समजू नये. राज्याचा पैसा गोऱ्यांच्या विद्यापीठांकडे वाहत राहिला. कृष्णवर्णीयांच्या संस्थांवरील या अन्यायाविरुद्ध 1975 साली दावा दाखल झाला. 1992 साली तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि 2002 साली सुमारे 50 कोटी डॉलरची तडजोड ठरली. म्हणजे न्याय मिळेपर्यंत एक पिढी शिकून बाहेर पडली होती!

पण या उपाशी ठेवलेल्या कॉलेजात एक गोष्ट जोमाने वाढली, ती म्हणजे फुटबॉल. हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवत किंवा धडकत पुढे जाण्याचा हा अमेरिकी खेळ आहे. मिसिसिपीत तो जवळजवळ धर्म आहे. 'ओल मिस' या राज्याच्या मानाच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट 1972 साली. तोवर खेड्यापाड्यांतल्या कृष्णवर्णीय पोरांनी जायचे कुठे? अल्कॉर्न किंवा त्याच्यासारख्या आणखी दोन-चार ठिकाणी. जॅक स्पिंक्स अल्कॉर्नमधूनच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला आणि 1956 साली विजेत्या न्यूयॉर्क जायंट्स संघात होता. पुढे कॉलेजच्या मैदानाला त्याचे नाव दिले गेले.

स्टीव्ह मॅकनेअरची गोष्ट तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. माऊंट ऑलिव्ह या खेड्यातला हा पोरगा. मोठी विद्यापीठे त्याला घ्यायला तयार होती, पण बचावफळीत धावण्यासाठी. त्याला व्हायचे होते क्वार्टरबॅक, म्हणजे डाव आखणारा, हुकूम देणारा, संघाचा मेंदू. काळ्याने धावावे, धडकावे. डोके चालवायचे काम गोऱ्याचे, अशी तेथील फुटबॉलची जुनी वाटणी होती. चातुर्वर्ण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही वाटणी वेगळी समजावून सांगायला नको. अल्कॉर्नने मॅकनेअरला क्वार्टरबॅक केले. 1994 साली देशातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. 2003 साली तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो मान दुसऱ्या एका क्वार्टरबॅकबरोबर वाटून मिळाला खरा, पण क्वार्टरबॅक म्हणून तो मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय. 2009 साली त्याचा खून झाला, तेव्हा तो अवघा 36 वर्षांचा होता.

परंतु अल्कॉर्नच्या मैदानावरून गेलेला सर्वांत मोठा माणूस व्यावसायिक फुटबॉलमध्ये कधी खेळलाच नाही. त्याचे नाव मेडगर एव्हर्स. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून तो परतला. 1946 साली भाऊ चार्ल्स आणि मित्रांसह गावी मत द्यायला गेला, तर हत्यारबंद गोऱ्यांनी वाट अडवली. हिटलरशी लढायला चालतो, मतपेटीला हात लावायला चालत नाही! पुढे तो अल्कॉर्नमध्ये शिकला, फुटबॉल संघातून खेळला, 1952 साली पदवी घेऊन बाहेर पडला. 1954 साली त्याने 'ओल मिस'च्या कायदा महाविद्यालयात अर्ज केला. कातडीच्या रंगामुळे तो फेटाळला गेला. आम्ही कायद्याची पदवी घेऊन काळा कोट घालणारी माणसे. हा अर्ज आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. वकील होऊ न दिलेला हा माणूस त्याच वर्षी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचा मिसिसिपीतील पहिला क्षेत्रीय सचिव झाला. 12 जून 1963 रोजी घराच्या दारात त्याला पाठीमागून गोळी घातली. निव्वळ गोऱ्यांच्या ज्यूरींपुढे खटला दोनदा चालला आणि दोनदा निर्णयाविना राहिला. मारेकऱ्याला शिक्षा झाली ती 1994 साली, खुनानंतर 31 वर्षांनी.

मेडगरच्या जागी चार्ल्स एव्हर्स उभा राहिला. तोही अल्कॉर्नचाच विद्यार्थी. मार्च 1966 मध्ये क्लेबोर्नच्या पोर्ट गिब्सन या मुख्य गावात कृष्णवर्णीयांनी मागण्या ठेवल्या. ज्यूरीत आमची माणसे घ्या, पोलिसात घ्या, आमच्या वस्तीतले रस्ते दुरुस्त करा. आणि त्यांत आणखी एक मागणी होती: आम्हाला 'बॉय', 'अंकल' म्हणू नका, इतर नागरिकांना म्हणता तसे 'मिस्टर', 'मिसेस' म्हणा. ज्यांच्या आजोबांना गावातल्या शेंबड्या पोराने 'धोंड्या', 'सख्या' अशी हाक मारली, त्यांना या मागणीचे वजन कळेल. शनिवारी ज्या पोरासाठी स्टेडियममध्ये टाळ्या पडतात, त्याचा बाप सोमवारी दुकानात 'बॉय'च असतो. टाळ्यांनी नाव मिळते, मान मिळत नाही.

मागण्या धुडकावल्या गेल्या. 1 एप्रिल 1966 पासून कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांत पाऊल टाकणे बंद केले. 1969 साली 17 गोऱ्या दुकानदारांनी एनएएसीपीसह शंभराहून अधिक माणसांवर नुकसानभरपाईचा दावा ठोकला. 1976 साली खालच्या न्यायालयाने साडेबारा लाख डॉलरचा हुकूमनामा केला. संघटना मोडीत निघावी एवढी ही रक्कम होती. अखेर 2 जुलै 1982 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्या. स्टीव्हन्स यांच्या निकालपत्राचे सार असे: हिंसेला संरक्षण नाही; ज्याने हिंसा केली त्याने तिची भरपाई द्यावी. पण शांततेने केलेला राजकीय बहिष्कार हा हक्क आहे, आणि केवळ संघटनेचा सभासद आहे म्हणून दुसऱ्याच्या कृत्यासाठी कुणाला जबाबदार धरता येणार नाही.

येथे कुणी आम्हाला अडवील. बाबासाहेबांनी 1930 च्या गोलमेज परिषदेत सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली होती. महाराष्ट्रात 2016 साली तसा कायदाही झाला. मग बहिष्काराचे गोडवे तुम्ही कसे गाता? प्रश्न रास्त आहे, आणि टाळण्यासारखा नाही. गाव जेव्हा मूठभर दलितांचे पाणी, किराणा, दळण आणि मजुरी तोडते, तेव्हा ते माणसाचे जगणे तोडते. क्लेबोर्नच्या लोकांनी कुणाचे पाणी तोडले नाही. आपल्या खिशातला डॉलर अपमान करणाऱ्याच्या गल्ल्यात टाकायचा नाही, एवढेच त्यांनी ठरवले. पहिला बहिष्कार माणसाला खाली ठेवण्यासाठी असतो, दुसरा वर उठण्यासाठी. त्यातही आपल्याच माणसांवर धाकदपटशा झाला तेथे तो चुकलाच, आणि न्यायालयाने ती रेषा ओढली ते बरे केले.

पुढे सगळे गोड झाले, असेही नाही. क्लेबोर्नमध्ये ग्रँड गल्फ अणुवीज केंद्र आले, त्याच्या करातून काउंटीचे दैन्य फिटेल अशी आशा होती. 1986 साली विधिमंडळाने कायदा करून त्या कराचा मोठा वाटा इतरत्र वळवला. मतपेटी हाती आली की तिजोरीची किल्ली दुसरीकडे जाते, हा अनुभव तर आपलाही आहे.

1972 साली आपल्या तरुणांनी पँथरचे नाव अमेरिकेतून आणले. नावाबरोबर ही शिकवणही आणली पाहिजे. आपली पोरे आज कबड्डीत, कुस्तीत, धावण्यात पदके आणतात. गाव त्यांची मिरवणूक काढते आणि दुसऱ्या दिवशी वस्तीचा रस्ता तसाच राहतो. पदकाचा अभिमान जरूर धरा. पण त्या पोराला विचारा, मैदानावरची ताकद तू उद्या कुठे लावणार? आणि आपल्या तालुक्याचा इतिहास लिहायला घ्याल तेव्हा पदके आणणाऱ्यांची यादी आणि सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांची यादी एकाच पुस्तकात छापा. मेडगर एव्हर्सचे नाव दोन्ही याद्यांत येते, म्हणूनच तो मोठा.