एका टॅबला एक क्लास, एका क्लासला एक मालक

सबमिशनचे दिवस आले की कॉम्प्युटर लॅबमधलं चित्र ठरलेलं असतं. चौघांचा ग्रुप, एक लॅपटॉप आणि कीबोर्डवर हात मात्र एकाचाच. बाकीचे तिघं चहा, प्रिंटआउट आणि बाइंडिंग खात्यात. प्रोजेक्टही ठरलेला, लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर फी मॅनेजमेंट. पायथॉनमधलं टीकिंटर, वर तीन-चार टॅब आणि खाली हजारेक ओळींची एकच फाइल. व्हायवात एक्स्टर्नलनी ‘हे बटण दाबलं की काय होतं?’ विचारलं, की तिघांच्या नजरा एकाकडे वळतात.

याला आपण आळस म्हणून मोकळे होतो. माझ्या मते अर्धा दोष त्या एका फाइलचाही आहे. एकाच फाइलमध्ये चौघांनी एकाच वेळी हात घालायचा तरी कसा?

खरं तर टॅबवाली खिडकी वाटून घ्यायला अगदी सोपी असते. टीकिंटरमध्ये टॅबसाठी ‘नोटबुक’ नावाचं विजेट आहे. जावाच्या स्विंगमध्ये हेच काम ‘जेटॅब्डपेन’ करतं. नोटबुक ही वही, प्रत्येक टॅब तिचं एक पान आणि ते पान म्हणजे एक फ्रेम. मग फ्रेमपासून प्रत्येक पानाचा वेगळा क्लास बनवा : सभासदांचा एक, पुस्तकांचा एक, दंडाचा एक. त्या पानावरची बटणं, लेबलं, रकाने सगळं त्याच क्लासच्या पोटात. मुख्य क्लासने खिडकी उघडायची, नोटबुक मांडायचं आणि तयार पानं त्यात ‘अ‍ॅड’ करायची. बस्स.

यात एक डोकेदुखी आपोआप कमी होते. एकाच फ्रेमच्या आत ‘पॅक’ आणि ‘ग्रिड’ मिसळले की टीके एरर फेकतं. पानं वेगळी असली की एकाने पॅक वापरावं, दुसरीने ग्रिड. कुणाचं कुणाशी भांडण नाही.

‘चार टॅबसाठी एवढा पसारा? चालतंय ना, मग झालं!’ असं म्हणणारे सीनियर भेटतीलच. एका बटणाच्या खिडकीपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच एका पेपरमध्ये मांडलं होतं, की प्रोग्रामचे भाग पाडताना पुढे बदलू शकेल असा निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. लायब्ररीने उद्या दंडाचा नियम बदलला तर फक्त दंडाचा क्लास उघडायला लागावा. हजार ओळींत तो नियम पाच ठिकाणी पसरला असेल, तर पाचवी जागा हमखास राहते.

अर्थात, नुसते क्लास पाडले म्हणून गंगेत घोडं न्हात नाही. दंडाचा टॅब सभासदांच्या टॅबमधल्या रकान्यात डोकावून नाव उचलत असेल, तर फाइली चार आणि गोंधळ एकच. त्यापेक्षा माहिती सांभाळणारा वेगळा क्लास करा, त्याचा एकच ऑब्जेक्ट बनवा आणि तोच प्रत्येक टॅबला तयार होतानाच द्या. टॅबने विचारायचं ते त्याला, सांगायचं तेही त्यालाच. टॅब बदलला की नोटबुक तसा इव्हेंट पाठवतं; तेव्हा यादी ताजी करून घ्यायची.

आता मूळ मुद्दा. असा टॅब रिकाम्या खिडकीत एकटाही चालवून बघता येतो. म्हणजे ज्याचा-तिचा टॅब ज्याने-तिने घरी बसून लिहावा, चालवावा, मोडावा, पुन्हा जोडावा. ‘मला कोडिंग जमत नाही’ म्हणून बाइंडिंगला पळणाऱ्या मित्राला हजार ओळींची भीती वाटते; शंभर ओळींचा एक टॅब त्याला झेपू शकतो. आणि एकट्याने रात्री जागवणाऱ्या मैत्रिणीचीही सुटका होते.

सर-मॅडमनाही एक विनंती. व्हायवात जाड रिपोर्ट चाळण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या टॅबमध्ये एक नवा रकाना तिथल्या तिथे जोडायला सांगा. मार्क त्यावर द्या. तोवर आपण ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी ठरवून टाकू : कुठला टॅब कुणाचा? फाइलच्या पहिल्या ओळीत त्याचं नाव लिहायचं आणि उत्तरही त्यानेच द्यायचं.