अभ्यास संपला, परीक्षा कधी?

एखाद्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेत दहा-पंधरा वर्षे हिशेबनिसाचे काम केलेला, रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यांत हयात घालवलेला एखादा गृहस्थ, घरच्या अडचणींपायी तरुणपणी अर्धवट राहिलेली पदवी आता तरी पुरी करावी म्हणून वाणिज्य शाखेच्या एखाद्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे जमा आणि नावे यांतला भेद समजावून सांगणारी चित्रफीत येते. आणि ती पाहून झाली की पुढची चित्रफीत पुढच्या आठवड्यापर्यंत उघडत नाही. घसारा कसा आकारावा हे त्याने व्यवहारात शेकडो वेळा केलेले असते. परंतु ते त्याला येते हे विद्यापीठाला ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घेण्याची रीत विद्यापीठाच्या दप्तरी नसते. त्याने सारा अभ्यास तीन आठवड्यांत उरकला तरी परीक्षेसाठी त्याला सत्राच्या अखेरीपर्यंत तिष्ठत राहावे लागते.

आपल्या सवडीने आणि आपल्या गतीने शिका, हे ऑनलाइन शिक्षणाने दिलेले सर्वांत मोठे आश्वासन आहे. ते आपल्याकडे एकाच अंगाने पाळले जाते. मागे पडणाऱ्याला मुदतवाढ मिळते, पुनर्नोंदणी मिळते, पुढच्या सत्राचा मार्ग मोकळा असतो; पुढे जाऊ पाहणाऱ्यासाठी मात्र फारशी तजवीज नाही. ज्याचा अभ्यास पुरा झाला त्याची परीक्षा त्याच्या तयारीच्या दिवशी घेतली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

लवकर अभ्यासक्रम संपवू पाहणाऱ्याकडे आपल्या समाजात संशयाने पाहिले जाते; तो पळवाट शोधतो आहे असे आपण परस्पर गृहीत धरतो. हा ग्रह अन्यायाचा आहे. ही घाई बहुधा ज्यांच्यापाशी काळच थोडा आहे अशांची असते: रात्रपाळी करून दिवसा पुस्तक उघडणारी परिचारिका, पदवीवाचून बढती अडलेला कारकून, मुले शाळेत गेल्यावर मिळालेल्या दोन-तीन तासांत शिकणारी गृहिणी. अशा माणसाचे एक सत्र वाया जाते तेव्हा नुसते शुल्क वाया जात नाही. जाहिरात निघून जाते, वयोमर्यादा उलटते, आणि घरच्यांनी मोठ्या मनाने दिलेली सवलतही हळूहळू आटत जाते.

शिक्षण काळाने मोजण्याचा शिरस्ता मुळात पडला तो कसा, हे पाहण्याजोगे आहे. १९०५ साली अमेरिकेतील उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरांचा निधी दिला. आणि मग निवृत्तिवेतनास पात्र महाविद्यालय कोणाला म्हणावे, हे ठरवणे त्या निधीच्या विश्वस्तांना भाग पडले. प्रवेशासाठी माध्यमिक शाळेतील ठरावीक एककांची अट घालावी, आणि एका विषयाचे सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक एकक समजावे, असा तोडगा त्यांनी काढला. विद्यार्थी किती शिकला हे मोजण्याचा हेतू त्यामागे नव्हता. होता तो संस्थांची प्रतवारी लावण्याचा. तरीही पुढे शंभरावर वर्षे हेच माप जगभरच्या विद्यापीठांनी या ना त्या रूपात शिरोधार्य मानले, आणि आपल्याकडील राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातही एका वर्षाचे १२०० तास आणि त्या तासांचे ४० श्रेयांक हेच कोष्टक आले. तास हे सोयीचे माप आहे, हे कोणीही मान्य करील. पण सर्वांना सारखेच तास लागतात हे आपण त्याच्या आडून मानून बसलो, आणि ते अनुभवास धरून नाही.

या मापाला धरून न चालणारी एक संस्था अमेरिकेत पंचवीसहून अधिक वर्षे उभी आहे. १९९७ साली तेथील १९ पश्चिमी राज्यांच्या राज्यपालांनी मिळून, नोकरदार प्रौढांना शिकता यावे म्हणून, वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी स्थापन केली. तिचे शुल्क विषयागणिक नसून सहा महिन्यांच्या सत्राला ठोक असते, आणि त्या मुदतीत विद्यार्थ्याने जितके विषय पुरे करावेत तितके त्याचे. विषय हाती घेताच तो प्रथम एक पूर्वचाचणी देतो. तिच्या निकालावरून कोणते प्रकरण त्याला येते आणि कोणते येत नाही हे स्पष्ट होते, आणि तो न येणाऱ्या प्रकरणांकडे वळतो. तयारी झाली की परीक्षेचा दिवस आणि वेळ तोच नोंदवतो. कॅमेऱ्यासमोर खोली आणि मेज दाखवून, दूरस्थ पर्यवेक्षकाच्या नजरेखाली प्रश्नपत्रिका सोडवतो. लेखी प्रकल्प असेल तर तो आधीच जाहीर केलेल्या निकषांच्या तक्त्यावर तपासला जातो, आणि तपासणारा त्याला शिकवणारा नसतो. शिकवणारा आणि परीक्षक यांची ही फारकत मला त्या व्यवस्थेचा आधारस्तंभ वाटते, कारण तिच्यामुळेच गती आणि विश्वास एकत्र नांदू शकतात. तेथे जुन्या श्रेयांकांच्या आणि कामाच्या अनुभवाच्या बळावर एकाच सत्रात पदवी पुरी करणारेही निघतात, तसेच संथपणे वर्षानुवर्षे शिकणारेही; आणि पदवीपत्रावर दोघांत भेद केला जात नाही.

तथापि, स्वतःच्या गतीची मोकळीक दिली की सारे वेगाने धावू लागतील असे समजणे भाबडेपणाचे होईल. फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ब्राझिलियाच्या विद्यापीठासाठी आपल्या सहकाऱ्यांसह अशी एक पद्धत आखली होती: विषयाचे लहान लहान घटक पाडायचे, एका घटकाची चाचणी नीट उतरल्यावाचून पुढचा घटक द्यायचा नाही, नापास झाल्याबद्दल शिक्षा नाही, आणि गती ज्याची त्याची. १९६८ साली त्यांनी तिच्यावर लिहिलेला लेख शिक्षणक्षेत्रात विख्यात झाला, अनेक महाविद्यालयांनी पद्धत उचलली, आणि निकाल चांगले लागले. पण एक दुखणे सर्वत्र आढळले, ते चालढकलीचे. मुदत नसली की काम उद्यावर पडते, आणि उद्याचे परवावर. लवकर संपवण्याची मुभा आणि कधीच न संपवण्याची मुभा एकाच दाराने आत येतात, हे ओळखूनच अशा व्यवस्थेची आखणी व्हायला हवी.

म्हणून ज्याला खरोखर लवकर संपवायचे आहे त्याने मुदत स्वतःवर घालून घ्यावी, आणि तीही एकदम अखेरची नव्हे तर प्रकरणागणिक. विषय शक्य तो एका वेळी एकच हाती धरावा. चार विषय उघडून ठेवणाऱ्याची धरसोड होते. आरंभ पुस्तकाच्या पहिल्या पानापासून न करता मागील प्रश्नपत्रिकेपासून आणि गुणदानाच्या निकषांपासून करावा, म्हणजे आपल्याला काय येते आणि काय येत नाही याचा झाडा पहिल्याच दिवशी लागतो. जे येते ते चाळून सोडून द्यावे. त्यात अपराध काही नाही. चित्रफिती वेगाने ऐकण्यासही हरकत नाही, कारण दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारशी घट होत नाही असे लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले आहे. मात्र मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील व्याख्यान आरंभी सावकाशच ऐकावे, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे अडसर विषयाचा नसून भाषेचा असतो, आणि तो दूर होईपर्यंत वाचवलेला वेळ पुढे दामदुपटीने खर्ची पडतो.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट, जिच्याकडे घाईतला विद्यार्थी हटकून दुर्लक्ष करतो, ती म्हणजे पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारणे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांनी काही उतारे वाचले. त्यांतले काही त्यांनी पुन्हा वाचून काढले, तर काही न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचलेले उतारे सरस ठरले. एका आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिलेल्या उताऱ्यांतले सुमारे ५६ टक्के स्मरणात उरले होते, आणि नुसत्या दुसऱ्यांदा वाचलेल्यांतले सुमारे ४२ टक्के. याचा अर्थ असा की वाचून झाल्याबरोबर वाटणारे समाधान फसवे असते, आणि ज्याला थोड्या काळात पुष्कळ पदरात पाडून घ्यायचे आहे त्याला आठवून लिहिण्याचा कंटाळा करून चालत नाही. रोजचे दोन तास असतील तर त्यांतला निदान अर्धा तास कोऱ्या कागदाचा असावा, आणि काल-परवाच्या प्रकरणाचाही त्यात वाटा असावा.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. घाई करणारे सारेच काही प्रामाणिक नसतात. आपल्याकडे एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातील पाठ्यक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि पर्यवेक्षित लेखी परीक्षेला ७५ टक्के वजन असते, आणि त्या स्वाध्यायांची उत्तरे दर आठवड्याला समाजमाध्यमांवर उघड फिरतात, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या आवारात विचारले तरी कळते. ही उत्तरे उतरवून घेणारा विद्यार्थी वेगवान नव्हे. तो शिकलेलाच नाही. पण यावरचा इलाज सर्वांना एकाच गतीने चालायला लावणे हा नव्हे, कारण नक्कल करणारा संथ सत्रातही नक्कलच करतो. परीक्षा कसून घ्यावी, ती निःपक्षपाती परीक्षकाच्या हाती असावी, आणि पदवी तिच्याच बळावर मिळावी, हाच खरा इलाज. दुसरा आक्षेप शिक्षकाविषयीचा आहे. वर सांगितलेल्या अमेरिकी विद्यापीठातील पुष्कळ विषयांत शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संबंध पुरेसा नाही, सबब ७१ कोटी डॉलरांहून अधिक सरकारी साहाय्य परत घ्यावे, अशी शिफारस तेथील शिक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१७ साली केली होती. जानेवारी २०१९ मध्ये खात्याने ती मानली नाही. निर्णय काहीही लागला असो, त्यामागील चिंता मला खरी वाटते. वेगाने जाणाऱ्यालाही अडलेल्या ठिकाणी विचारायला माणूस हवा. यंत्रावर उमटलेली टक्केवारी त्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्याकडे धोरणाने पाऊल टाकलेले नाही असे नाही. २०१७ साली ऑनलाइन पाठ्यक्रमांचे स्वयम् हे सरकारी व्यासपीठ सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तेथील पाठ्यक्रमांतून घेण्यास मुभा दिली. त्याच वर्षी मिळवलेले श्रेयांक साठवून ठेवणारी श्रेयांकांची पेढी आली. २०२४ च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने त्वरित पदवीचा मार्गही मान्य केला, ज्यात तीन वर्षांची पदवी एका सत्राने आणि चार वर्षांची दोन सत्रांनी आधी पुरी करता येते. पण तेथेही निवड समितीमार्फत व्हायची आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपुरतीच. म्हणजे वेग हा अधिकार न राहता मेहरबानी झाली. आणि सत्रात अधिक श्रेयांक घेण्याची परवानगी मिळाली तरी परीक्षेचे वेळापत्रक हलत नाही, हा मूळ अडथळा तसाच राहिला. एनपीटीईएलचीच गोष्ट घ्या: जुन्या वर्षांची व्याख्याने यूट्यूबवर सर्वांना खुली आहेत, कोणीही ती महिन्याभरात ऐकून समजून घेऊ शकतो, पण परीक्षा सत्राअखेरीच्या ठरलेल्या दिवशीच.

आणि हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही, कारण शालेय स्तरावर ते आपणच करून दाखवले आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत मागणीनुसार परीक्षेची पद्धत आहे. विद्यार्थी तयार झाला की नोंदणी करतो, आणि प्रश्नपेढीतून संगणक त्याच्यासाठी प्रश्नपत्रिका काढून देतो. दहावी-बारावीच्या वयाच्या मुलाला जो विश्वास आपण दाखवतो तो चाळिशीतल्या हिशेबनिसाला का दाखवू नये? प्रश्नपेढी तयार करणे कष्टाचे आहे, खर्चाचे आहे, आणि प्राध्यापकांकडून रीतसर मोबदला देऊन करून घेण्याजोगे काम आहे; पण एकदा झालेले हे काम वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद घेऊन १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने या बाबतीत राज्याला वाट दाखवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेखाकर्म, संगणकाची मूलतत्त्वे, सांख्यिकी असे ज्यांचे उत्तर बरोबर की चूक हे निर्विवाद ठरवता येते, त्या विषयांपासून आरंभ करावा. दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी एक परीक्षादिन ठेवावा. प्रवेशाच्या वेळीच ऐच्छिक पूर्वचाचणी द्यावी. आणि तयार झालेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही समितीच्या मंजुरीवाचून परीक्षेला बसू द्यावे.