हकच्या मनाची टोचणी



'मनाला विचार, बरोबर काय ते कळेल' असे आपण मुलांना सहज सांगतो. मार्क ट्वेनची 'ॲडव्हेंचर्स ऑफ हकलबरी फिन' ही कादंबरी (इंग्लंडमध्ये १८८४, अमेरिकेत १८८५) वाचल्यापासून मला या सल्ल्याची थोडी भीतीच वाटते.

कथा गुलामगिरीच्या काळातली, मिसिसिपी नदीवरची. दारुड्या बापापासून पळालेला हक आणि विकले जाण्याच्या भीतीने पळालेला गुलाम जिम एका तराफ्यावर प्रवास करतात. स्वतंत्र झाल्यावर पैसे साठवून बायकोला सोडवीन, मालकाने मुले विकली नाहीत तर चोरून आणीन, असे जिम बोलू लागतो आणि हकचे मन त्याला खाऊ लागते. का? तर जिमच्या मालकिणीचे, मिस वॉटसनचे, नुकसान होते म्हणून! बापाने स्वतःची मुले परत आणणे ही त्याला चोरी वाटते.

३१व्या प्रकरणात तो जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र मालकिणीला लिहितो. लिहिताच पाप धुतल्यासारखे हलके वाटते. मग आठवतो प्रवासातला जिम, हकची झोप मोडू नये म्हणून त्याच्या वाटचाही पहारा करणारा. हक पत्र फाडतो. पण आपण यासाठी नरकात जाणार अशी खात्री बाळगूनच. म्हणजे त्याच्या हातून सर्वांत चांगली गोष्ट घडते ती सदसद्विवेकबुद्धीचे न ऐकल्यामुळे. निकोप हृदय आणि बिघडलेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर, असेच या पुस्तकाचे वर्णन ट्वेनने १८९५ साली केले होते.

जिमची टोचणी वेगळी आहे. सांगितलेले ऐकत नाही म्हणून त्याने लहान मुलीला मारले होते, आणि नंतर कळले की आजारपणात ती बहिरी झाली आहे. ते आठवून तो रडतो. त्याच्या पश्चात्तापात मालक नाही, लोक काय म्हणतील नाही. फक्त दुखावलेले मूल आहे.

आपण ज्याला 'संस्कार' म्हणतो त्याची हीच तर गोम आहे. अस्पृश्यता पाळणाऱ्या आपल्या पणज्या काही दुष्ट नव्हत्या. चुकून विटाळ झाला तर त्यांचे मन खरोखरच खात असे. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटलने जातिभेदावर बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातले तशाच हेतूचे एसबी ४०३ विधेयक मंजूर होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. 'आमच्या मनात जात नाहीच' हे वाक्य अशा चर्चेत हमखास येते. बोलणारा प्रामाणिक असेलही. हकसुद्धा प्रामाणिकच होता!

मग हृदयाचे ऐकले की झाले का? माझ्या मते नाही. हकने एका जिमला वाचवायचे ठरवले. गुलामगिरी चूक आहे असे काही त्याला वाटले नाही. ती संपली १८६५ मध्ये, यादवी युद्धानंतर, १३व्या घटनादुरुस्तीने. म्हणून चांगल्या मनाच्या माणसांनाही कायदा लागतो.

पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ च्या 'जेम्स' या कादंबरीत हीच कथा जिमच्या तोंडून सांगितली आहे. दोन्ही पुस्तके मुलांसोबत जरूर वाचा. आणि 'मनाला विचार' म्हणताना पुढे एवढे जोडा: ज्याला सोसावे लागते, त्यालाही विचार.