पेशवाई बुडाली ती हडपसरला

डिसेंबर सरत आला की पुणे-नगर रस्त्यावरील गावांतून पोलिसांच्या गाड्या उभ्या राहू लागतात आणि त्याच सुमारास दोन प्रकारची व्याख्याने ऐकू येतात. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला मूठभर शिपायांनी पेशवाई गाडली, असे एका व्याख्यानात सांगितले जाते. परक्यांची चाकरी करणाऱ्यांमुळे स्वराज्य बुडाले, असा आक्रोश दुसऱ्यात असतो. टाळ्या दोन्हीकडे भरपूर पडतात. इतिहास मात्र दोन्हींकडे अर्धाच असतो. २०१८ साली, त्या लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, कोरेगाव व सणसवाडी येथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. सणसवाडीत एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून या भागातील आपले बहुतेक कार्यकर्ते ‘विषय नाजूक आहे’ असे म्हणून गप्प बसतात. हे मौन मला समजते, पण मान्य होत नाही. ज्या विषयावर समाजवादी गप्प बसतात तो विषय नाहीसा होत नाही. तो जातीच्या पुढाऱ्यांच्या ताब्यात जातो.

आधी तारखा पाहू. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. कोरेगावची लढाई त्यानंतर सहा आठवड्यांनी झाली. राजधानी आधीच गेली होती, पेशवा फौजेसह फिरत होता, आणि पुण्यातील इंग्रजांच्या मदतीस कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली होती. आता असा प्रश्न विचारा, जो या दोन्ही व्याख्यानांत कधी विचारला जात नाही: पेशव्यांच्या राजधानीपासून अवघ्या चाळीस मैलांवर, घोडनदीच्या काठी, कंपनीची छावणी आली कोठून? ती कोणी जिंकून वसविली नव्हती. ती पेशव्याने स्वतः मागवून घेतली होती. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, म्हणजे स्टॉन्टनच्या त्या रात्रीच्या बरोबर पंधरा वर्षे आधी, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. सहा हजारांची तैनाती फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, सुरतेवरील हक्क सोडला, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांची लवादी पत्करली. शिरूरची छावणी ही त्या तहाचीच संतती होय. आणि तो तह झाला तो एका यादवीमुळे, जिचा निकाल २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या माळावर लागला. कोरेगाव हा त्या निकालाचा फार उशिरा आलेला परिणाम आहे.

या यादवीची कारणे बखरींच्या पद्धतीने सांगितली जातात तेव्हा ती सूडाची कथा होते. १७९५ साली सवाई माधवराव गेले, गादीसाठी कारस्थाने झाली आणि त्यांतून दुसरा बाजीराव पेशवा झाला. १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यातच मल्हारराव होळकरांचा वध केला. १८०० मध्ये नाना फडणीस वारले आणि अखेरचा आवर घालणारा माणूस गेला. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले. बंधू यशवंतराव त्यानंतर चालून आले. यातील एकही गोष्ट खोटी नाही. पण माणसे सूडाला पेटली म्हणून राज्ये बुडत नाहीत. सूड घेण्यासाठी फौज लागते, फौजेला पगार लागतो, आणि तो पगार कोठून यावयाचा हा प्रश्न बखरकार विचारीत नाहीत. तो विचारला की निराळेच चित्र दिसू लागते.

शिवाजीमहाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता. राजारामांच्या काळात मोगली आक्रमणापुढे तग धरण्यासाठी सरदारांना मुलूख तोडून देणे भाग पडले. मग १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि ताराबाईंशी यादवी सुरू झाली. १२ ऑक्टोबर १७०७ ची खेडची लढाई याच भीमेच्या काठची. तिचा निकाल तलवारीपेक्षा धनाजी जाधव शाहूंकडे आले यानेच लागला. दोन गाद्या झाल्या की सरदाराची किंमत वाढते. जो पक्ष अधिक वतन देईल त्याच्याकडे तो जातो. अशा लिलावातून जे राज्य उभे राहिले त्याची विभागणी शाहूंच्या कारकीर्दीत कायम झाली. चौथाईतील २५ टक्के बाबती छत्रपतींची, ६ टक्के सहोत्रा, ३ टक्के नाडगौडा, उरलेले ६६ टक्के मोकासा सरदारांचा. शिवाय दहा टक्के सरदेशमुखी निराळी. आणि हे वाटे अनेकदा एकाच गावच्या वसुलात निरनिराळ्या धन्यांचे असत. प्रत्येकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शात गुंतलेला, त्यामुळे कोणी कोणापासून पूर्ण तुटू शकत नव्हता आणि कोणी कोणाशी प्रामाणिकही राहू शकत नव्हता. कल्पकतेची तारीफ करावी तेवढी थोडी. पण ही राज्यघटना नव्हती, ही भागीदारीची खतावणी होती. नफा वाढत असेतोवर, म्हणजे नवा मुलूख हाती येत असेतोवर, ती चालली. १७३१ मध्ये डभईला पहिल्या बाजीरावांनी सेनापती दाभाड्यांशी लढाई केली, १७६२ मध्ये आळेगावला राघोबांनी पुतण्यावर शस्त्र धरले. यादवी हा या व्यवस्थेचा अपघात नव्हता, ती तिची हिशेबाची रीत होती.

त्यात नवा खर्च आला तो कवायती पलटणींचा. जुना शिलेदार स्वतःचा घोडा आणी, लुटीच्या आशेवर थांबे आणि पावसाळ्यात शेतावर परते. दि बॉयनच्या धर्तीवरील पलटणीला दरमहा रोख पगार लागे. तोफा ओतण्यास कारखाने लागत. महादजी शिंद्यांनी त्यासाठी दोआबातील मुलूख लावून दिला होता आणि तो कडक हाताने सांभाळलाही होता. १७९४ मध्ये ते वारले. दौलतराव ही प्रचंड फौज घेऊन पुण्यात तळ देऊन बसले आणि पगार थकत गेले. बाजीरावाने गादीसाठी मोठ्या रकमेचे वचन दिले होते; देण्यास तिजोरीत काही नव्हते. तेव्हा १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांना पुण्यातील सावकार व कारभारी यांच्याकडून पैसा उकळण्यास मोकळे रान मिळाले. माणसांना मारझोड करून, तापलेल्या तोफांना बांधून ठेवी काढून घेतल्या गेल्या. राज्यकर्त्याने आपली राजधानीच धनकोच्या हवाली केली, अशी उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत.

युद्धाची हकिगत या पार्श्वभूमीवर वाचावी. जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. ऑक्टोबरमध्ये घाटगे यांनी इंदूर लुटून त्याचे उट्टे काढले. माळवा उद्ध्वस्त झाल्यावर होळकरांच्या फौजेला पोसण्यास तेथे काही उरले नाही, आणि १८०२ मध्ये ती दक्षिणेत उतरली. यशवंतरावांचा डाव स्पष्ट होता: शिंद्यांचे बळ उत्तरेत पसरलेले, दौलतराव स्वतः माळव्यात, तेव्हा पेशव्याला पुण्यातच गाठून त्याच्या तोंडून आपल्या घराण्याचे हक्क वदवून घ्यावयाचे. दौलतराव स्वतः आले नाहीत; त्यांनी सदाशिवराव भास्कर बक्षी यांना धाडले. फत्तेसिंग माने यांनी ऑक्टोबरच्या आरंभी बारामतीकडे पेशव्याच्या फौजेचा मोड केला आणि होळकर लोणी काळभोरपर्यंत येऊन ठेपले.

२५ ऑक्टोबरला सकाळी तोफा सुरू झाल्या. शिंद्यांकडे कॅप्टन डॉझच्या जुन्या, कसलेल्या पलटणी होत्या. होळकरांकडे विकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग यांच्या नव्या, पण संख्येने कितीतरी अधिक. म्हणजे शनिवारवाड्यापासून दोन कोसांवर दोन मराठी सरदारांच्या फौजा लढत होत्या आणि दोहोंकडे हुकूम देणारे साहेब! प्रारंभी शिंद्यांची सरशी होत होती. होळकरांचे घोडदळ मागे हटू लागले तेव्हा यशवंतरावांनी स्वतः पुढे होऊन स्वार वळविले आणि थेट तोफांवर घातले. डॉझ पडला, हार्डिंगही पडला, आणि शिंद्यांच्या पलटणी तोफांपाशीच कापल्या गेल्या. शौर्य कमी नव्हते, दोन्हीकडे नव्हते. बाजीराव मात्र रणात फिरकला नाही. तो सिंहगडाकडे निघाला आणि तेथून कोकणात उतरून, पुढे समुद्रमार्गे वसईला पोहोचला. त्याच दिवशी त्याच्या कारभाऱ्यांनी इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज याच्या हाती तैनाती फौज घेण्याची लेखी तयारी देऊन ठेवली होती. गव्हर्नर जनरल वेलस्ली वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहत होता ते एकही गोळी न झाडता मिळाले.

मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या छायेत बाजीराव पुण्याला परतला. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, सप्टेंबरात असईला आणि नोव्हेंबरात अडगावला शिंदे-भोसल्यांचा मोड झाला. होळकर तेव्हा बाजूला उभे होते. १८०४ मध्ये ते लढले, शर्थीने लढले, तेव्हा शिंदे उभे राहू शकत नव्हते. हडपसरला शिंद्यांच्या ज्या पलटणी कापल्या गेल्या त्या असईला उभ्या असत्या तर काय झाले असते, असे अनेकांना वाटते. माझ्या मते हा प्रश्न व्यर्थ आहे. थकलेल्या पगाराचे सैन्य एकजुटीने लढत नसते.

आणि रयत? १८०२ मध्ये होळकरी फौजांनी व पेंढाऱ्यांनी भीमथडीपासून गंगथडीपर्यंत उभी पिके चारली, धान्याची पेवे उपसली. १८०३-०४ च्या भयंकर दुष्काळाने पुणे व नगर भागांतील गावे ओस पडली. त्यात आभाळाचा वाटा होता, पण फौजांचाही होता. त्यानंतर बाजीरावाने मामलती मक्त्याने, अधिक बोली करणाऱ्यास, देण्याचा सपाटा लावला. मक्तेदाराला पुढच्या वर्षाची शाश्वती नाही, म्हणून याच वर्षी जेवढे पिळता येईल तेवढे तो पिळी.

अमेरिकेतील यादवीशी तुलना केली तर आपल्या यादवीची दरिद्रता ध्यानात येते. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत तेथे याहून कितीतरी अधिक रक्त सांडले. परंतु त्या युद्धाच्या मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता, आणि इच्छा असो वा नसो, लिंकनला १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढावा लागला. (तीही १ जानेवारीच.) हडपसरला दोन्ही छावण्यांत कोणाचीही मागणी कुणब्याचा सारा कमी व्हावा अशी नव्हती, महाराची वेठ थांबावी अशी तर नव्हतीच. गावचा वसूल कचेरीपर्यंत पोहोचविण्याचे काम महाराचे. त्या वसुलाच्या वाट्यांच्या यादीत त्याचे नाव कोठेही नाही.

म्हणूनच कोरेगावला जो महार शिपाई दिवसभर तहानलेला लढला, त्याने स्वराज्याशी द्रोह केला असे म्हणणाऱ्यांनी कोणते स्वराज्य, ते आधी सांगावे. ज्या राज्यात त्याला गावाबाहेर ठेवले होते ते? पेशव्याकडून गावात शिरलेल्या तुकड्यांत अरब होते, गोसावी होते. त्यांना कोणी देशभक्त म्हणत नाही, कोणी देशद्रोहीही म्हणत नाही. कंपनीकडेही केवळ महार नव्हते. दोन्ही बाजू पगारी होत्या. फरक एवढाच की एका पगाराबरोबर अंगावर गणवेष आणि हाती बंदूक आली, आणि स्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय कायमचा राहिला. माणूस म्हणून मान कोठेच न मिळालेल्या समाजाने त्या दगडावर आपली नावे वाचली, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले, यात नवल ते काय? ही स्मृती जपण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे आणि आपण तो निःसंदिग्ध शब्दांत मान्य केला पाहिजे.

मात्र त्याच न्यायाने पुढचा हिशेबही सांगितला पाहिजे. कंपनीने १८१८ नंतर बाजीरावाला ८ लाखांचे सालीना निवृत्तिवेतन दिले आणि ते १८५१ पर्यंत, तो मरेतो, चालू ठेवले. प्रिंगलने या जिल्ह्यात निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसविला आणि इंदापूरकडची जमीन पडीक पडू लागली. आणि ज्या महारांच्या बळावर कोरेगाव टिकले त्यांची लष्करभरती १८९२ मध्ये इंग्रजांनीच बंद केली. हा हिशेब मराठा तरुणाला आणि बौद्ध तरुणाला एकाच बैठकीत सांगता येतो, कारण त्यात दोघांचे पूर्वज देणेकऱ्यांच्याच बाजूला आहेत.

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात आज मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार ठेकेदारांमार्फत राबतात. गाव पेटले की त्यांची मजुरी बुडते. ठेकेदाराचा करार बुडत नाही. कामगारांत काम करणाऱ्या आपल्या साथींना हे मी सांगावयास नको. माझी सूचना साधी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांचा अभ्यासवर्ग घ्यावा. त्यात हडपसरची लढाई, वसईचा तह आणि एका गावच्या वसुलाचे वाटे एवढेच विषय असावेत. व्याख्याते बाहेरून आणू नयेत. आणि १ जानेवारीला स्तंभाकडे जाणाऱ्यांसाठी पाणी व चहाची सोय गावातील सर्व जातींच्या तरुणांनी मिळून करावी. ती शिक्रापूरच्या चौकात करावी की सणसवाडीच्या फाट्यावर, हे पोलिसांच्या बंदोबस्ताची माहिती घेऊन स्थानिक साथींनीच ठरवावे.