मेसेज दुसऱ्याचा, मग गुन्हा ग्रुप ॲडमिनवर का?

निवडणूक असो की सण, वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'आक्षेपार्ह पोस्ट टाकू नका, ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो.' मग कापसाचे भाव विचारायला काढलेल्या ग्रुपवरही सेटिंग बदलते आणि फक्त ॲडमिनच बोलू शकतो. पण ही भीती खरी आहे का?

वर्धा जिल्हा ज्या नागपूर खंडपीठाच्या अखत्यारीत येतो, तिथेच याचं बरंचसं उत्तर मिळालंय.

नेमकं प्रकरण काय होतं?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल अश्लील भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही. म्हणून २०१६ मध्ये ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. १ मार्च २०२१ रोजी न्या. झेड. ए. हक आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला.

कोर्टाचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला शिक्षा व्हावी, अशी तरतूद कायद्यात नाही. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही. त्याच्या हातात काय, तर माणूस घेणं आणि काढणं. मात्र दोघांनी मिळून कट केला असेल, तर ॲडमिन सुटत नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही अशीच भूमिका घेतली.

म्हणजे 'ॲडमिनवर गुन्हा होतोच' हे खरं नाही. पोलिसांची नोटीस मात्र येऊ शकते, आणि तालुक्याच्या गावात नोटीस आली एवढंच पुरेसं असतं. निकाल यायला इथे जवळपास पाच वर्षं लागली, हेही विसरायला नको.

मग बदललं काय?

खरी गोम पुढे आहे. निकालानंतर दीड वर्षातच व्हॉट्सॲपने ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. २०२१ मध्ये २५६ लोकांची मर्यादा होती, ती २०२२ संपेपर्यंत १,०२४ वर गेली. 'ॲडमिनच्या हातात फारसं काही नाही' हा कोर्टाचा एक आधार होता. तो आज तेवढा भक्कम राहिलेला नाही. कायद्यात तरतूद नाही, हा मुद्दा मात्र कायम आहे.

दुसरीकडे ही सोय फक्त अश्लील मेसेजपुरती थोडीच आहे? गावच्या ग्रुपचा ॲडमिन एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता असेल, तर रस्त्याच्या खड्ड्यांचा फोटो 'राजकारण नको' म्हणून उडतो आणि नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर दिवसभर राहतं. नियम एकच, लागू मात्र एकालाच.

याविरुद्ध दाद कुठे मागायची? अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ कलम रद्द केलं, तेही सरकारचा कायदा होता म्हणून. खासगी ग्रुपच्या ॲडमिनला 'माझी पोस्ट का काढली?' असं कोर्टात विचारायला जवळपास वावच नाही. सदस्याकडे उरतो तो ग्रुप सोडायचा पर्याय. २०२२ पासून तो गाजावाजा न करता सोडता येतो. कळतं फक्त ॲडमिनला.