गाठीशी काय आहे?

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेले की होसकोटे लागते. १९९८ साली येथे व्होल्वोचे ट्रक तयार होऊ लागले आणि उद्योगजगतात गावाचे नाव झाले. पण सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे बंगळूरकर मोटारी काढून येथे येतात, ते चुलीवरच्या दम बिर्याणीसाठी! ना थाटमाट, ना लांबलचक मेनूकार्ड. रांग मात्र उजाडण्यापूर्वीच लागलेली असते.

बंगळुरात मोठ्या हॉटेलांची काय वाण आहे? त्यांच्याजवळ भांडवल आहे, जाहिरात आहे. छोट्या दुकानदाराने त्याच बाबतींत बरोबरी करायची म्हटली, तर तो कर्जात बुडायचा. होसकोट्याचे बिर्याणीवाले त्या वाटेला गेले नाहीत. मोजके पदार्थ, निखाऱ्यांची पारख, झाकण केव्हा काढायचे याचा अंदाज आणि इतर दुकाने झोपेत असतानाची वेळ, ही त्यांची पुंजी. पैसा असला की सजावट महिनाभरात उभी राहते. निखाऱ्यांची पारख यायला वर्षे जातात. म्हणून तिची नक्कल सहजी होत नाही.

आपण म्हणाल, हातची चव एका माणसाची. उद्या तो अंथरुणाला खिळला तर? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मुंबईच्या गिरगावात सापडते. १५ मार्च १९५९ रोजी तेथील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘लिज्जत’ उभे राहिले. आज हजारो बहिणी आपापल्या घरी पापड लाटतात, तरी चव एकच! कारण पीठ केंद्रावर ठरलेल्या प्रमाणात मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि आणलेला पापड तपासूनच घेतला जातो. मोजक्या हातांतले कसब असे साऱ्यांची शिस्त बनले.

तेव्हा समोर मोठे दुकान उघडले म्हणून घाईघाईने दागिने गहाण टाकून फर्निचर बदलू नका. गिऱ्हाईक आपल्याकडे नेमके कशासाठी येते, ते आधी त्यालाच विचारा. मग ती गोष्ट, तिचे प्रमाण, तिची वेळ वहीत उतरवा आणि मुलाला, सुनेला, हाताखालच्या माणसाला शिकवा. एका माणसाबरोबर जाणारे कसब घराच्या धंद्याला फार दिवस पुरत नाही.