‘आ करा’ कुणी म्हणत नाही

चाकणच्या कारखान्यात अकरा वर्षं रातपाळी केली. पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की गोडमिट्ट चहा, वर बिडी. सकाळी घरी आलो की दात न घासताच आडवा; पत्र्याखाली झोप जेमतेम चार तास.

बायकोच्या धाकाने बिडी सोडली आणि पेरूच्या फोडीवर रक्त दिसलं. वाटलं, सोडल्याचाच त्रास! दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, हिरड्या आधीच सुजलेल्या होत्या. धुरामुळे रक्त कमी येतं, दुखणं झाकलं जातं. मग त्यांनी झोपेचं विचारलं. जागरण आणि ताणाने सुजेशी लढायची ताकद घटते म्हणे. शिवाय झोपेत लाळ कमी सुटते, न घासलेल्या दातांवरच्या जंतूंचं फावतं.

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डोळे, कान, बीपी बघतात. रातपाळीवाल्यांचं तोंडही बघा की! बॅटरी तर तिथे टेबलावरच असते.